एका अव्ययाचा माग

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या पणजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद शोधीत आमच्या चर्चच्या कार्यालयात आले. साल त्यांना ठाऊक नव्हते. नाव मात्र ते छातीठोकपणे सांगत होते. आम्ही कपाटातून जुन्या, पोर्तुगीज भाषेत लिहिलेल्या नोंदवह्या बाहेर काढल्या. या वह्यांच्या अखेरीस सूची आहे. पण ती आडनावावरून नव्हे, तर बाळास ठेवलेल्या नावावरून लावलेली. ‘आंतोनियो’ या एका नावाखाली इतकी बालके की पाने उलटून उलटून बोटांना कागदाचा भुसा लागावा. तीन दुपारी गेल्या तेव्हा कुठे नोंद सापडली, आणि तीही ‘फ्रान्सिस्को’खाली. ज्यांना उभे गाव आंतोन म्हणून हाक मारीत होते, ते कागदोपत्री फ्रान्सिस्को आंतोनियो होते.

ती नोंद कधी हरवलेली नव्हतीच. शंभरावर वर्षे ती कपाटात सुखरूप होती. फक्त ज्या शब्दाने आम्ही तिला हाक मारीत होतो, त्या शब्दाला ती ओ देत नव्हती. मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती यांच्यापुढे हाच प्रश्न लक्षावधी कागदांच्या रूपाने उभा असतो. त्याला आता ‘ज्ञानव्यवस्थापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, आणि माणसाची भाषा उकलू पाहणारी यंत्रे त्या कामी जुंपली गेली आहेत. या उद्योगाचा उगम शोधू जाता वाट एखाद्या कारखान्यात किंवा पेढीत जाईल असे वाटते. प्रत्यक्षात ती उत्तर इटलीतील एका येशुसंघीय धर्मगुरूच्या मेजापाशी जाते. आणि त्या मेजावर त्या वेळी होता लॅटिन भाषेतील एक इवलासा शब्द, ‘इन’. मराठीत त्याचा अर्थ ‘आत’.

परंतु फादर रोबेर्तो बुसा यांच्याकडे वळण्यापूर्वी सातशे वर्षे मागे जाणे भाग आहे, कारण त्यांनी जे केले त्याची हौस ख्रिस्तसभेला जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिस येथील संत जाक मठात डॉमिनिकन संघाचे व्रतस्थ ह्यूग ऑफ सेंट शेर यांच्या मार्गदर्शनाखाली लॅटिन बायबलची पहिली पदसूची तयार झाली. पदसूची म्हणजे ग्रंथातील प्रत्येक शब्द वर्णानुक्रमे मांडून तो कोठे कोठे आला आहे हे सांगणारी यादी. इंग्रजीच्या सवयीने आपण तिला कॉन्कॉर्डन्स म्हणतो. काम १२३० नंतरच्या दशकात पार पडले. ह्यूग यांच्या हाताखाली पाचशे व्रतस्थ राबत होते अशी आख्यायिका आहे. आकडा फुगवलेला असेल. पण हे काम एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हते, एवढे मात्र खरे.

त्या काळी बायबलला अध्याय होते, ओव्या मात्र क्रमांकित नव्हत्या. अध्यायांची आपल्या परिचयाची विभागणी स्टीफन लँग्टन यांच्या नावावर सांगितली जाते. ओव्यांचे क्रमांक आले ते रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या १५५१ च्या आवृत्तीपासून. मग शब्दाचा पत्ता द्यायचा कसा? पॅरिसच्या व्रतस्थांनी प्रत्येक अध्यायाचे मनाशी सात भाग कल्पिले आणि त्यांना रोमन लिपीतील पहिली सात अक्षरे दिली. युक्ती नामी होती, पण सूचीत एक उणीव राहिली. शब्द अमुक ठिकाणी आहे एवढेच ती सांगे. त्या ठिकाणी कोणते वाक्य आहे ते सांगत नसे. एखाद्या शब्दाखाली दोनशे पत्ते असले की वाचकाने दोनशे वेळा ग्रंथ उघडावा. पुढे इंग्लंडच्या डॉमिनिकन बंधूंनी प्रत्येक पत्त्याबरोबर आख्खी वाक्ये दिली. त्यामुळे ग्रंथ उचलवेना. तिसऱ्या खेपेस वाक्ये छाटून बेताची केली गेली. आज संगणकाच्या पडद्यावर शोधलेला शब्द मधोमध आणि अलीकडे-पलीकडे चार-पाच शब्द दिसतात. किती संदर्भ द्यावा आणि किती गाळावा, हा हिशेब त्या तिसऱ्या खेपेच्या व्रतस्थांनीच प्रथम मांडला.

संत थॉमस अक्विनास १२७४ साली वारले. त्यांच्या लेखनाचा पसारा एवढा प्रचंड की, दोन शतकांनंतर बेर्गामोच्या पीटर नामक डॉमिनिकन पंडिताने १४७३ मध्ये त्याची ‘ताबुला आउरेआ’, म्हणजे सुवर्णसूची, प्रसिद्ध केली. ही विषयांची सूची होती. विद्वान माणसाने ग्रंथ वाचून, जे महत्त्वाचे वाटले ते नोंदवलेले. चांगल्या विषयसूचीचे हेच बळ आणि हीच मर्यादा: सूचीकाराला ज्याचे महत्त्व वाटले नाही ते तिच्यात सापडत नाही. ‘आत’ या शब्दाला स्वतंत्र विषय मानून त्याची नोंद करावी असे कोणत्या शहाण्या सूचीकाराला सुचले असते?

रोबेर्तो बुसा यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९१३ रोजी व्हिचेन्झा येथे झाला. बेल्लुनोच्या सेमिनरीत त्यांचा एक वर्गबंधू होता अल्बिनो लुचियानी, जो पुढे १९७८ साली अवघ्या तेहतीस दिवसांसाठी पहिला जॉन पॉल या नावाने पोप झाला. बुसा १९३३ साली येशुसंघात दाखल झाले, १९४० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. गोरगरिबांत जाऊन काम करावे अशी त्यांची इच्छा होती. वरिष्ठांनी विचारले, प्राध्यापक व्हायला आवडेल काय? मुळीच नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा वरिष्ठ म्हणाले, ठीक आहे, तरीही तुम्ही तेच व्हाल. हा किस्सा फादर बुसा म्हातारपणी हसत हसत सांगत. आज्ञापालनाच्या व्रताची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना तो निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

युद्धकाळात ते सैन्यात धर्मसेवक होते. त्यानंतर रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात त्यांनी संत थॉमसच्या विचारातील ‘उपस्थिती’ या कल्पनेवर प्रबंध हाती घेतला. परमेश्वर वस्तुमात्रात कसा असतो, हा प्रश्न थॉमसने ‘सुम्मा’च्या पहिल्या भागातील आठव्या प्रश्नात घेतला आहे, आणि सामर्थ्याने, उपस्थितीने व सत्त्वाने असे त्याचे तिहेरी उत्तर दिले आहे. बुसांनी सरळ मार्ग धरला. लॅटिनमध्ये उपस्थितीला ‘प्रेझेन्शिया’ म्हणतात, म्हणून त्यांनी सूच्यांत तो शब्द व त्याचे आप्त धुंडाळले. तेव्हा ध्यानात आले की हे शब्द थॉमसच्या विचाराच्या काठावरचे आहेत. मध्यावर आहे ‘इन’. अमुक तमुकात आहे, आत्मा देहात आहे, कार्य कारणात आहे, अशा साध्या वाक्यांतून तो विचार वाहतो आहे. तत्त्वज्ञ मोठ्या नामांकडे पाहत राहतात, आणि खरा भार एखादे अव्यय मुकाट्याने वाहत असते!

आता ‘इन’ची सूची कोठून आणायची? कोणत्याच सूचीत तो नव्हता. बुसांनी स्वहस्ते कार्डे लिहावयास घेतली. ‘इन’ किंवा त्याच्याशी जडलेला शब्द ज्यात आहे असे प्रत्येक वाक्य एका कार्डावर. अशी दहा हजार कार्डे झाली. १९४६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १९४९ साली प्रबंध छापून निघाला. पण एका शब्दापायी दहा हजार कार्डे लागत असतील, तर थॉमसच्या सर्व शब्दांचे काय? आणि सर्व शब्दच हवे होते. कोणता शब्द महत्त्वाचा ठरेल हे आधी सांगता येत नाही, हाच तर त्यांचा अनुभव होता.

यंत्राच्या शोधात ते १९४९ साली अमेरिकेत गेले. अनेक विद्यापीठांची दारे ठोठावून शेवटी न्यूयॉर्क येथे आयबीएम कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन यांच्यापुढे येऊन बसले. त्या काळी या कंपनीचा मोठा व्यवसाय भोके पाडलेल्या कार्डांवर चालत असे. विमा, बँका, रेल्वे, खानेसुमारी यांचे हिशेब कार्डावरील भोके वाचून यंत्रे करीत. भाषेचे काम हे आकडेमोडीचे काम नव्हे, आणि आपली यंत्रे ते करू शकणार नाहीत, असा अहवाल वॉटसन यांच्या माणसांनी आधीच देऊन ठेवला होता. बुसांनी बाहेरच्या खोलीत कंपनीचेच एक बोधवाक्य लावलेले पाहिले होते. कठीण काम आम्ही तत्काळ करतो, अशक्य कामाला थोडा अधिक वेळ लागतो, अशा आशयाचे. तो कागद त्यांनी वॉटसन यांच्यापुढे धरला. वॉटसन वरमले आणि साहाय्य करण्यास राजी झाले. अट एकच घातली: इंटरनॅशनल बिझनेस मशीन्सचे तुम्ही इंटरनॅशनल बुसा मशीन्स करून टाकू नका!

ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते व ती रंजक आहेच. परंतु कंपनीच्या पॉल टास्मन नावाच्या अभियंत्याबरोबर बसून बुसांनी काढलेली रीत या कथेहून अधिक मोलाची आहे. ग्रंथाचा मजकूर ओळीओळीने कार्डांवर भोकांच्या रूपाने उतरवायचा. मग यंत्राने प्रत्येक ओळीतील प्रत्येक शब्दासाठी निराळे कार्ड काढायचे, त्यावर त्या शब्दाचा पत्ता उमटवायचा. मग ही सारी कार्डे वर्णानुक्रमे लावायची आणि छापायची. नमुना म्हणून त्यांनी थॉमसच्या उपासनागीतांवर हा प्रयोग केला व १९५१ साली त्याचे छोटे पुस्तक काढले.

याच सुमारास अमेरिकेत जॉन एलिसन नावाचे एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू युनिव्हॅक संगणकावर इंग्रजी बायबलच्या सुधारित आवृत्तीची पदसूची करीत होते. ती १९५७ साली बाहेर पडली. जेम्स स्ट्राँग यांची १८९० सालची पदसूची हातांनी करण्यात पस्तीस वर्षे गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे यंत्राने काय फरक पडला ते कळते. मग बुसांनाच तीस वर्षे का लागली? एक तर त्यांचा मजकूर कितीतरी पट मोठा होता. आणि दुसरे कारण भाषेच्या स्वभावात आहे. ते मराठी वाचकाला चटकन उमगेल.

यंत्राच्या लेखी अक्षरांची प्रत्येक वेगळी माळ म्हणजे वेगळा शब्द. लॅटिनमध्ये एका नामाची विभक्ती-वचनांनी अनेक रूपे होतात, क्रियापदाची तर शेकड्याने. ही सारी रूपे एका मूळ शब्दाखाली आणली नाहीत तर सूचीत एकच माणूस दहा नावांनी दहा ठिकाणी विखुरला जातो, आमच्या आंतोनप्रमाणे. उलट, दिसायला एकच असलेली रूपे दोन वेगळ्या शब्दांची असू शकतात. त्यांना वेगळे करावे लागते. हे काम वाक्य वाचून, अर्थ लावूनच होते. बुसांनी थॉमसच्या भाषेतील रूपांचा यासाठी एक यंत्रवाच्य कोशच रचला. शिवाय थॉमस पानोपानी अॅरिस्टॉटल, ऑगस्टिन, पवित्र शास्त्र यांची वचने देतो. ते शब्द त्याचे स्वतःचे नव्हेत. कोणता शब्द थॉमसचा व कोणता उसना, हेही खुणेने दाखवणे आले.

आपल्या भाषेत तर बुसांचा मूळ प्रश्न विचारणेच अवघड! लॅटिनमधील ‘इन’ निदान सुटा उभा असतो. आपला ‘आत’ नामाच्या अंगातच शिरून बसतो: घरात, देहात, पाण्यात. ‘त’ने शेवट होणारे सारे शब्द काढ म्हणून यंत्रास सांगावे, तर ते भात, रात, वरात आणि सातही पुढे आणून ठेवील, ‘जात’ हे नाम की क्रियापद याचा उलगडा त्याला व्हायचा नाही. आणि ‘घरी’, ‘दारी’, ‘रात्री’ ही जुन्या सप्तमीची रूपे त्याच्या जाळ्यातून निसटून जातील. परमेश्वर हृदयात वसतो, हृदयी वसतो, हृदयाच्या ठायी वसतो: माणसाला ही तीन वाक्ये एक आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील सुमारे अकरा हजार ओव्यांना हा एक प्रश्न विचारायचा म्हटला तरी आधी केवढे व्याकरण यंत्राच्या गळी उतरवावे लागेल! सेमिनरीत पाणिनी आणि अॅरिस्टॉटल यांचे पाठ एकाच दिवशी गिरवताना आम्हांस जो वैताग येई, त्याचे प्रयोजन हे असे उतारवयात कळले.

गाल्लाराते हे मिलानजवळचे कापडधंद्याचे गाव. तेथील आलोयसियानुम या येशुसंघीय विद्यालयात फादर बुसा शिकवीत असत. १९५६ साली त्यांनी तेथे साहित्याच्या यांत्रिक विश्लेषणाचे केंद्र स्थापन केले. त्याच्या आधी, १९५४ पासूनच, कार्डांवर भोके पाडण्याचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली होती. ती १९६७ पर्यंत चालली. तेथे शिकायला व काम करायला येत त्या मुख्यतः गावातील तरुण मुली. बुसांनी लिहून ठेवले आहे की ही त्यांची पहिलीच नोकरी असावी अशी अट असे, महिनाभराच्या चाचणीनंतर पाचांतील एकीला प्रवेश मिळे, आणि पुढे चार सत्रे रोज आठ तास शिक्षण चाले. एकीने मजकूर पाहून कळा दाबायच्या. दुसरीने तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर पुन्हा दाबायचा. दोघींत तफावत आली की यंत्र थांबे. मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांच्या सूचीचे काम केंद्राकडे आले तेव्हा हिब्रू लिपीची सवय व्हायला या मुलींना दोनच आठवडे लागले. परक्या लिपीत त्यांचा वेग कमी होई, पण चुकाही कमी होत, असे निरीक्षण बुसांनी नोंदवले आहे. ओळखीच्या शब्दांत मन पुढे धावते आणि बोट चुकते. जपमाळ भरभर ओढणाऱ्यांना हे सांगायला नको.

त्यांच्यातील बहुतेकींना लॅटिन येत नव्हते. ज्या थॉमसचे लाखो शब्द त्यांच्या बोटांखालून गेले, तो काय म्हणतो हे त्यांना कधी कळले नाही. काम शिकून तयार झालेल्या मुलींना आसपासचे कारखाने शिक्षण संपण्याआधीच मागणी घालीत, हे बुसांनी अभिमानाने सांगितले आहे, व त्या अभिमानात तथ्यही आहे. युद्धाने पोळलेल्या देशात हाताला हुन्नर देणे ही थोडीथोडकी सेवा नव्हे. पण या प्रकल्पाच्या इतिहासात वॉटसन आहेत, टास्मन आहेत, बुसांना भेटलेले पोप आहेत; या मुली मात्र छायाचित्रांत यंत्रांपाशी बसलेल्या दिसतात, खाली नाव नसते. अलीकडे मेलिसा टेरास व ज्युलियन नायहन या संशोधिकांनी याकडे लक्ष वेधले. नायहन यांनी तर हयात असलेल्या काही स्त्रियांना इटलीत जाऊन गाठले व त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या.

आम्हांला फादर बुसांविषयी नितांत आदर आहे, तरी ही उणीव आम्ही झाकू इच्छीत नाही. त्यांनी स्वतःच हिशेब दिला आहे की साऱ्या कामात यंत्राचे तास दहा हजारांहून कमी लागले आणि माणसांचे दहा लाखांहून पुष्कळ अधिक. शब्द मोजणाऱ्या माणसाने तासही मोजले. ज्यांचे तास, त्यांची नावे मोजायची तेवढी राहून गेली. मध्ययुगीन मठात नकला करणारा व्रतस्थ निदान हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर, माझ्यासाठी प्रार्थना करा, असे लिहून आपले नाव टाकीत असे. छिद्रांच्या कार्डावर तेवढीही जागा नव्हती.

१९६७ नंतर केंद्राने गाल्लाराते सोडले. काम पिसा, मग अमेरिकेतील बोल्डर, मग व्हेनिस असे फिरत राहिले. कार्डांची जागा चुंबकीय फितींनी घेतली. ‘इंडेक्स थोमिस्टिकुस’चा पहिला खंड १९७४ साली छापून आला आणि १९८० साली, फादर बुसांच्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, छप्पन्न खंड पूर्ण झाले. त्यांत थॉमसचे ११८ ग्रंथ व त्याच्याशी संबंधित इतरांचे ६१, मिळून एक कोटी सहा लाखांच्या आसपास शब्द आहेत. पुढे तो सारा पसारा एका तबकडीत मावला आणि २००५ पासून इंटरनेटवर कोणालाही मोफत खुला झाला. छप्पन्न खंड ठेवायला ज्या सेमिनरीत फडताळ नव्हते, तेथील विद्यार्थीही आता हातातल्या फोनवर ते चाळू शकतो.

कंपनीला या धर्मगुरूपासून काय मिळाले? टास्मन यांनी १९५७ साली कंपनीच्या नियतकालिकात ही रीत प्रसिद्ध केली, व तिचा उपयोग धर्मग्रंथांपुरता नाही हेही सुचवले. त्याच कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५८ साली दोन लेख लिहिले. एकात यंत्राने शब्दांची वारंवारता मोजून शास्त्रीय लेखाचा गोषवारा कसा काढावा ते होते. दुसऱ्यात मोठ्या संस्थेत येणारा प्रत्येक कागद यंत्राने वाचून, ज्याला त्याचा उपयोग त्याच्याकडे आपोआप कसा पोहोचवावा ते. आजच्या ज्ञानव्यवस्थापनाचा आराखडा तेथे जवळजवळ पुरा दिसतो. लून यांचे सारे बुसांपासून आले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची प्रतिभा स्वतंत्र होती. पण आकडे मोजणाऱ्या यंत्राला वाक्ये चारता येतात, हे कंपनीने प्रथम थॉमसच्या लॅटिनवर पारखून पाहिले, हे विसरता येत नाही.

तेव्हापासून आजवर यंत्रे फार दूर आली आहेत. आता त्यांना मूळ रूपांचा कोश हाताने करून द्यावा लागत नाही. अफाट मजकूर वाचून, कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो यावरून ती शब्दांचे नाते ताडतात. प्रश्न विचारला की पत्ते देत नाहीत, सरळ उत्तरच रचून देतात. आमच्याकडील तरुण धर्मगुरू प्रवचनाच्या तयारीसाठी त्यांना थॉमसचे मत विचारतात आणि गोळीबंद परिच्छेद मिळवतात. एकदा अशा परिच्छेदातील एका वचनाचा ठावठिकाणा आम्ही शोधू गेलो. बुसांच्या सूचीत ते कोठेही नव्हते. वाक्य थॉमसच्या धाटणीचे होते, त्याने लिहिले असते तर शोभले असते, पण लिहिलेले नव्हते. पॅरिसच्या व्रतस्थांची पहिली सूची पत्ता देई आणि वाक्य देत नसे. हे नवे यंत्र वाक्य देते आणि पत्ता देत नाही. दोहोंपैकी एक निवडण्याची पाळी आली तर आम्ही पत्ता घेऊ.

फादर बुसांचे मतही फारसे निराळे नसावे. माणसाचे कष्ट वाचवणे हा संगणकाचा मुख्य लाभ नव्हे, अभ्यास अधिक खोल व्हावा हा होय, असे ते आग्रहाने मांडीत. ते ९ ऑगस्ट २०११ रोजी गाल्लाराते येथेच वारले, वय सत्त्याण्णव. त्यांचे शिष्य मार्को पास्सारोत्ती यांनी मिलानच्या कॅथलिक विद्यापीठात २००६ पासून पुढचे पाऊल टाकले आहे: नुसता शब्द नव्हे, तर थॉमसच्या वाक्यातील प्रत्येक शब्द कोणत्या शब्दावर अवलंबून आहे याची नोंद. म्हणजे ‘इन’ कोठे आहे एवढेच नाही, तर काय कशाच्या आत आहे, हेही यंत्राला विचारता येईल. एके काळी दहा हजार कार्डे लिहिणाऱ्या तरुणाला नेमके हेच हवे होते.

या पावसाळ्यापासून आमच्या कार्यालयात दोन मुली दुपारी येऊन बसतात. एक बारावीला आहे, दुसरीने नुकतीच पदवी घेतली. स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदी त्या संगणकावर उतरवीत आहेत. एक वाचते, एक कळा दाबते. मग पानाअखेर जागा बदलून ताडून पाहतात. ही युक्ती आम्ही त्यांना कोठून सुचवली ते वाचकांना सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी धाकटीने विचारले, ‘फादर, आंतोनियो, आंतोन आणि अंतू हे एकच धरायचे का?’ आम्ही थोडा विचार केला आणि दोन रकाने ठेवण्यास सांगितले: एकात वहीत लिहिले आहे अगदी तसे नाव, दुसऱ्यात ज्या नावाखाली शोधणारा येईल ते. चार दिवसांनी पाहतो तर शेवटी तिसराही रकाना आखलेला. नोंद कोणी उतरवली, कोणी तपासली, त्याचा. तो त्यांनी आपणहून जोडला होता.